इलेक्ट्रिक गाडी लीजवर घेताना : मुदत किती ठेवावी?

अम्मीचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा आमच्या घरात चारचाकी नव्हती. आम्ही इंदापूरचे. पेठेत कापडाचे छोटे दुकान, धाकटा भाऊ बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला. अम्मीचे डॉक्टर बारामतीत. आठवड्यातून दोन दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी निघायचे, चार तास मशीनवर, मग परत. एकेरी अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. जाताना एसटीने जमायचे. येताना मात्र अम्मीला बसस्टँडवर उभे राहणे होत नसे.

म्हणून आम्ही भाड्याची गाडी लावली. दिवसभर थांबण्यासह २,५०० रुपये. सहा महिन्यांनी भाभीने वहीतला हिशेब पुढे ठेवला आणि सगळे गप्प झालो. त्या रात्री जेवणानंतर पहिल्यांदा स्वतःच्या गाडीची गोष्ट निघाली.

नवी घ्यायची तर बारा लाख. हाताशी होते चार-साडेचार. उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज, म्हणजे व्याज. अब्बांनी आयुष्यभर दुकानही व्याजाच्या पैशावर चालवले नाही. ते एवढेच म्हणाले, "अम्मीच्या इलाजासाठी गाडी आणायची आणि तिच्यात सूद बसवायचा, हे मला जमणार नाही." मग भावाच्या एका सहकाऱ्याने सुचवले की गाडी लीजवर, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाड्याने मिळते आणि तीही इलेक्ट्रिक. आम्ही चौकशी केली. कंपनीच्या माणसाने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "किती महिन्यांसाठी हवी? चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस की साठ?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या दीड महिन्यात ते शोधताना जे शिकलो, ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

लीज म्हणजे नेमके काय?

आपल्या भागाला हा व्यवहार नवा नाही. जमीन खंडाने देतात, बाग उक्ती घेतात, दुकानाचा गाळा भाड्याने असतो. 'इजारा' हा शब्द तर जुन्या मराठी महसुली कागदांतही आहे आणि आपल्या फिकहच्या किताबांतही. वस्तू मालकाची, वापर आपला, मुदत ठरलेली, भाडे ठरलेले.

गाडीच्या बाबतीतही हे आता रुळते आहे. टाटा मोटर्सने ऑगस्ट २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही महिना ४१,९०० रुपयांपासून भाड्याने देण्याची योजना आणली, तेव्हा पुणे पहिल्या पाच शहरांत होते आणि मुदती होत्या १८, २४ आणि ३६ महिने. एसटी महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरची बस १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, तीही भाडेतत्त्वावरची. पुढे २०२३ मध्ये महामंडळाने ५,१५० इलेक्ट्रिक बस बारा वर्षांच्या भाडेकराराने घेण्याचे ठरवले. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी तयार होते. डिसेंबर २०१९ मध्ये आलेली या कंपनीची पहिली इलेक्ट्रिक रिक्षा बदलत्या बॅटरीची होती. चार्ज संपला की बॅटरी काढून दुसरी बसवायची, बॅटरी विकत घेण्याचा बोजा रिक्षावाल्यावर नको, असा त्यामागचा विचार.

बस बारा वर्षांच्या कराराने परवडते, कारण ती रोज तीच फेरी मारते. घराचे तसे नसते. घरात लग्ने होतात, नोकऱ्या बदलतात, मुले शिकायला पुण्याला जातात, आजारपणे येतात आणि जातात. म्हणून घरासाठी मुदत हाच कराराचा कणा आहे.

कमी भाड्याची भूल

कंपनीकडून आम्हाला साधारण बारा लाखांच्या गाडीसाठी जे दर मिळाले ते असे. वर्षाला १५,००० किलोमीटरची मर्यादा, विमा आणि सर्व्हिसिंग भाड्यातच. तुमच्या गाडीचे आणि गावाचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

२४ महिने : महिना ३४,००० रुपये, एकूण ८,१६,०००
३६ महिने : महिना २९,००० रुपये, एकूण १०,४४,०००
४८ महिने : महिना २६,००० रुपये, एकूण १२,४८,०००
६० महिने : महिना २४,००० रुपये, एकूण १४,४०,०००

फोनवरचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, "साठ महिने घ्या, सगळ्यात स्वस्त." महिन्याकडे पाहिले तर खरे आहे. एकूण रकमेकडे पाहिले तर पाच वर्षांत गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात आणि शेवटी गाडी परत द्यायची. त्यात विमा आणि देखभाल आली हे खरे, तरी हा आकडा डोळ्यांसमोर हवाच.

भाभीने मग तोच कागद वेगळ्या पद्धतीने वाचला. दोन वर्षांनंतरचे तिसरे वर्ष आपल्याला किती रुपयांना पडते? १०,४४,००० मधून ८,१६,००० वजा केले तर २,२८,०००, म्हणजे महिना १९,०००. चौथे वर्ष पडते महिना १७,००० रुपयांना आणि पाचवे १६,००० रुपयांना. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून बचत आटत जाते, बंधन मात्र पूर्ण वर्षाचे वाढते. ज्याला गाडी पाच वर्षे नक्की लागणार, त्याने लांब मुदत घ्यावी. ज्याला खात्री नाही, त्याने या उतरत्या भाड्याच्या मोहात पडू नये.

किलोमीटर आधी मोजा

मुदतीइतकाच महत्त्वाचा आकडा किलोमीटरचा. आमचा हिशेब असा झाला. बारामतीची फेरी १०० किलोमीटर, आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०,४००. दुकानाच्या मालासाठी आणि पुण्यातील डॉक्टरांसाठी महिन्यातून दोन वेळा पुणे, जाऊन-येऊन २८० किलोमीटर, वर्षाला ६,७२०. गावातली ये-जा १,५००. एकूण १८,६२०.

मर्यादा १५,००० ची. जादा प्रत्येक किलोमीटरला ८ रुपये. तीन वर्षांत १०,८६० किलोमीटर जादा, म्हणजे ८६,८८० रुपये. तेच सुरुवातीला २०,००० किलोमीटरची मर्यादा घेतली तर महिना १,५०० जादा, तीन वर्षांचे ५४,०००. लांब मुदतीत ही चूक दर वर्षी वाढत जाते आणि बिल शेवटी एकदम येते. चाँदशाहवली बाबांच्या उरुसाला येणारे पाहुणे, लग्नसराई, ईदच्या गाठीभेटी, हे सगळे धरून थोडी सैल मर्यादा घेणे बरे.

विजेचा खर्च आम्ही एका युनिटला सात किलोमीटर आणि ११ रुपये असा धरला. वर्षाला २,६६० युनिट, साधारण २९,००० रुपये. घरच्या मीटरवर गाडी चार्ज केली की युनिट वाढतात आणि वरच्या टप्प्याचा दर लागतो, म्हणून हा दर थोडा चढाच धरलेला बरा. घराला १५ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, नीट अर्थिंग आणि मंजूर भार किती आहे हे गाडीआधी पाहून घ्यावे.

छत्तीस महिन्यांच्या दराने भाडे, जादा किलोमीटर आणि वीज मिळून महिना सुमारे ३३,००० होतात. आधीच्या पद्धतीने बारामती आणि पुण्याच्या फेऱ्यांना भाड्याची गाडी लावली असती तर महिना साडेएकतीस हजारांच्या पुढे गेले असते. म्हणजे पैसे फारसे वाचत नव्हते. रात्री दोन वाजता अम्मीला दम लागला तर दारात गाडी उभी असेल, एवढाच फरक होता. आमच्यासाठी तो पुरेसा होता.

बॅटरी, टायर आणि नवे मॉडेल

इलेक्ट्रिक गाडीची मुदत ठरवताना बॅटरीची भीती सगळ्यांना असते. नेक्सॉन ईव्ही आणि टियागो ईव्ही या गाड्यांवर बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी दिली गेली. आमच्या वापराने पाच वर्षांतही ९३,००० किलोमीटरच होतात. म्हणजे साठ महिन्यांची मुदतही हमीच्या आतच बसते. काही गाड्यांवर आता बॅटरीची आजीवन हमी मिळते, पण ती पहिल्या मालकापुरती असते. लीजच्या गाडीचा पहिला मालक कागदोपत्री कोण, हे विचारून घ्या. पुढे तीच गाडी विकत घ्यायची इच्छा झाली तर या प्रश्नाला किंमत आहे.

बॅटरीपेक्षा टायरकडे लक्ष द्यावे. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड असते. चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला टायर बदलायचे धरले तर आमच्या वापराने तो खर्च तिसऱ्या वर्षात येतो. दोन वर्षांच्या करारात तो आपल्या वाट्याला येत नाही. तीन किंवा चार वर्षांच्या करारात येतो, म्हणून टायर भाड्यात धरले आहेत का, हे लिहून घ्यावे. गाडीची सर्वसाधारण हमी बहुधा तीन वर्षांची असते. चौथ्या वर्षाची दुरुस्ती कोणाच्या खिशातून, हाही प्रश्न त्याच ओळीतला.

दुसरी गोष्ट, या गाड्या वेगाने बदलत आहेत. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची आणि चाचणीतील पल्ला ३१२ किलोमीटर. मे २०२२ मध्ये ४०.५ ची बॅटरी आणि ४३७ चा पल्ला आला. सप्टेंबर २०२४ मध्ये ४५ ची बॅटरी आणि ४८९ चा पल्ला. पाच वर्षांच्या आत पल्ला दीडपट झाला. (रस्त्यावर, एसी लावून, आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हात चाचणीइतका पल्ला मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.) फेब्रुवारी २०२४ मध्ये याच गाडीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत उतरली. ज्यांनी महिनाभर आधी विकत घेतली होती त्यांच्या गाडीचे मोल एका दिवसात घटले. लीजवाल्याला ते नुकसान नाही. पण साठ महिन्यांच्या जुन्या भाड्यात अडकलेल्याला नव्या स्वस्ताईचा फायदाही नाही. लीजचा हा मुख्य लाभ आखूड मुदतीतच मिळतो.

गाडी आपली, बॅटरी भाड्याची असाही एक मार्ग आहे. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाख अधिक किलोमीटरला ३.५० रुपये बॅटरीभाडे अशी आली. बॅटरीसह किंमत होती १३.५० लाख. फरक ३.५१ लाख, म्हणजे सुमारे एक लाख किलोमीटरचे भाडे. आमच्या वापराने साडेपाच वर्षांच्या आसपास दोन्ही बाजू बरोबर होतात. जो कमी फिरतो त्याला हे सोयीचे. मात्र 'बॅटरीभाडे' म्हणजे प्रत्यक्षात बॅटरीवरचे कर्ज तर नाही ना, हे कागदात पाहून घ्यावे.

नोकरीशी बांधलेले लीज

भावाच्या कंपनीतून नोकरदारांसाठीही लीज मिळत होते. भाडे पगारातून जाते आणि काहींना करात थोडी सवलत मिळते. मुदत अठ्ठेचाळीस महिने. भावाच्या एका सहकाऱ्याने ते घेतले आणि विसाव्या महिन्यात त्याला चाकणला चांगली नोकरी मिळाली. नवी कंपनी लीज पुढे चालवायला तयार नव्हती. करार मोडण्याची रक्कम ऐकून त्याने दोन रात्री झोप घेतली नाही. शेवटी पैसे भरून गाडी परत केली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

म्हणून नोकरीतून लीज घेणार असाल तर मुदत नोकरीच्या खात्रीपेक्षा लांब घेऊ नका. आणि करार मधेच मोडला तर नेमके किती रुपये भरावे लागतील, हे बाराव्या, चोविसाव्या आणि छत्तिसाव्या महिन्यासाठी वेगवेगळे लिहून मागा.

दीनच्या नजरेतून

हा प्रश्न अब्बांनी आधी सोडवला पाहिजे असे सांगितले होते, म्हणून आम्ही कराराचा मसुदा घेऊन आमच्या मौलानांकडे गेलो. त्यांनी तोंडी वर्णन ऐकायला नकार दिला. "कागद वाचून दाखवा," म्हणाले. ते बरोबर होते. सगळ्याच लीजना एकच उत्तर देता येत नाही.

त्यांनी चार गोष्टी तपासल्या. मुदत आणि भाडे सुरुवातीलाच ठरलेले आहे का? गाडीची मालकी खरोखर देणाऱ्याकडे आहे का आणि गाडी आपल्या चुकीशिवाय नष्ट झाली तर नुकसान त्याचे की आपले? मोठी दुरुस्ती कोणाकडे? आणि शेवटी गाडी आपल्या नावावर होणार असेल तर ती विक्री वेगळ्या व्यवहाराने होते की भाड्यातच गुंडाळली आहे? भाडे आणि विक्री एकाच करारात, एकाच वस्तूवर, एकाच वेळी मिसळू नये, असा निर्णय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००० साली रियाध येथील बैठकीत दिला आहे. मौलानांचे म्हणणे असे की मुदत संपल्यावर गाडी परत घेणारे साधे लीज इजाऱ्याच्या जवळ आहे. ज्यात शेवटी नाममात्र रक्कम भरून गाडी आपली होते आणि सगळी जोखीम पहिल्या दिवसापासून आपलीच असते, ते बहुधा भाड्याचा अंगरखा घातलेले कर्ज. हप्ता चुकल्यावर लागणाऱ्या दंडाच्या कलमावरही त्यांनी बोट ठेवले. ते कलम लागू होण्याची वेळच येऊ देऊ नका, असे बजावले. आपल्या कागदासाठी वाचकांनी आपल्या आलिमांनाच विचारावे.

येथे देशाचा कायदाही माहीत हवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(३०) नुसार लीजची गाडी ज्याच्या ताब्यात असते, तो त्या कायद्यापुरता 'मालक' समजला जातो. अपघात झाला तर "गाडी कंपनीची आहे" हे सांगून सुटका नाही. विम्याची प्रत घरात ठेवा आणि तिची तारीख आपणच पाहत जा.

उठता उठता मौलानांनी अब्बांना एक आठवण करून दिली. सूरह अल-कससमध्ये (आयत २७) हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या कराराचा उल्लेख आहे. मुदत ठरली आठ वर्षांची. दहा पूर्ण केली तर ती त्यांच्या मर्जीची गोष्ट. बंधन आठचे, वरची दोन खुशीची. उलमा इजाऱ्याच्या चर्चेत या आयतीचा दाखला देतात.

घरी येताना अब्बा गप्प होते. दारात आल्यावर म्हणाले, "आपणही तसेच मागू. बंधन थोडे, वाढवणे आपल्या खुशीवर."

आम्ही काय ठरवले

खरे सांगायचे तर आमची अडचण पैशांची नव्हतीच. मुदत ठरवणे म्हणजे अम्मीच्या आजाराला तारीख लावण्यासारखे वाटत होते. दोन वर्षे म्हणावे तर जीभ अडखळायची. पाच म्हणावे तर पाच वर्षे ती मशीनवरच राहील असे गृहीत धरल्यासारखे. पुण्यात मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवले आहे. ते झाले तर बारामतीच्या फेऱ्या थांबतील आणि गाडीची गरज निम्मी होईल. हे अम्मीसमोर बोलायला कोणी धजावत नव्हते. शेवटी तिनेच विषय संपवला. "उम्र अल्लाहच्या हातात आहे. तुम्ही गाडीची मुदत ठरवा, माझी नको."

मग आम्ही कंपनीकडे चोवीस महिने आणि पुढे बारा महिने वाढवण्याचा आमचा हक्क, तेव्हाचे भाडे आजच लिहून, असे मागितले. पहिल्या कंपनीने नकार दिला. दुसरी तयार झाली. वीस हजार किलोमीटरच्या मर्यादेसह पहिली दोन वर्षे महिना ३५,५००, वाढवले तर तिसरे वर्ष महिना २३,०००. तीन वर्षांचे एकूण ११,२८,०००. थेट छत्तीस महिने घेतले असते तर ३०,५०० प्रमाणे १०,९८,००० झाले असते. म्हणजे तीन वर्षे गाडी ठेवली तर आमचे ३०,००० जादा जातील.

उलट बाजू पाहा. छत्तीसचा करार चोविसाव्या महिन्यात मोडला असता तर उरलेल्या भाड्याच्या निम्मे, म्हणजे १,८३,००० भरावे लागले असते. भरलेले ७,३२,००० धरून ९,१५,०००. आमच्या करारात तेव्हा गाडी परत केली तर ८,५२,०००. वाचतात ६३,०००. दोन वर्षे महिना पाच हजार जास्त भरावे लागतात हे ओझे आहे, ते आम्ही दोघा भावांनी वाटून घेतले. अंथरूण पाहून पाय पसरताना ते अंथरूण पुढे आखूड झाले तर काय, हेही पाहावे लागते.

सही करण्यापूर्वी

वाचक बंधू-भगिनींनो, हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरेही कागदावरच घ्या.

१. मुदतीचे एकूण पैसे किती? प्रत्येक जादा वर्ष महिना किती रुपयांना पडते?
२. गाडीची गरज नक्की किती वर्षे आहे? मुलांचे शिक्षण, नोकरी, हज, लग्न यांपैकी काय त्या मुदतीत येते?
३. वर्षाचे खरे किलोमीटर किती? जादा किलोमीटरचा दर काय?
४. करार मोडला तर कोणत्या महिन्यात किती भरायचे?
५. मुदत वाढवता येईल का आणि कोणत्या भाड्याने?
६. टायर, हमीनंतरची दुरुस्ती, चार्जर कोणाकडे? गाडी बंद पडली तर बारामती-इंदापुरात कोण येणार? तेवढ्या दिवसांचे भाडे कापले जाते का?
७. परत देताना ओरखडे, पोचे कोण तपासणार, कोठे आणि कोणत्या नियमाने? अनामत किती दिवसांत परत?
८. आरसी कोणाच्या नावावर, विमा कोणाच्या नावावर?

टोलचेही नीट समजून घ्या. राज्याच्या धोरणानुसार ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी लागू झाली. आपला पुणे–सोलापूर महामार्ग त्या तिघांत नाही. पाटस आणि सरडेवाडीचा टोल खर्चात धरा.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आम्ही तो आजवर उधारीच्या वहीपुरता पाळत होतो. या वेळी बावीस पानांचा करार भाभीने आणि भावाने मिळून ओळ न ओळ वाचला आणि मगच सही झाली.

गाडी आली तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी अम्मी पुढच्या सीटवर बसून बारामतीला गेली. परत येताना भावाने सीट मागे टेकवली आणि ती झोपली, थेट इंदापूरचे घर येईपर्यंत. आता चौदा महिने झाले आहेत. तिसऱ्या वर्षाचा निर्णय अजून दहा महिने दूर आहे आणि तो आमच्याच हातात आहे. पुण्याहून फोन येवो, अशी दुआ वाचकांनीही करावी.